एकशे बारा नोंदी

माणूस चालायला लागला तेव्हाच संस्कृती सुरू झाली, असं नव्या वसाहतीच्या चिटणीसांचं ठाम मत होतं. ते स्वतः पहिल्या मजल्यावरून लिफ्टने उतरत. त्यांनी हट्टाने करून घेतलेल्या दीडशे पावलांच्या चालण्या-सायकलीच्या मार्गावर चिटपाखरूही फिरकेना. शेवटी समितीने बजावलं, "रविवारी शंभर माणसं चालली नाहीत, तर तिथे गाड्या लावू. रखवालदार जाणाऱ्या प्रत्येकाची वहीत नोंद ठेवेल."

चिटणीसांनी सासूबाईंना गळ घातली.

"जावईबापू, मार्ग तुमचा आणि गुडघे माझे," म्हणत त्या निघाल्या, त्या दिवे लागेपर्यंत थांबल्या नाहीत.

सोमवारी चिटणीसांनी समितीपुढे रखवालदाराची वही दिमाखात उघडली. नोंदी एकशे बारा होत्या. पण रखवालदार कामाला चोख. फाटकावरच्या सवयीने त्याने प्रत्येक नोंदीपुढे घर क्रमांकही लिहिला होता, आणि तो एकशे बाराही वेळा चिटणीसांचाच होता.

"मार्ग राहू दे," अध्यक्ष म्हणाले, "पण एकच घर वापरतंय, तर झाडलोटही त्याच घराने करावी."

चिटणीस आता रोज सकाळी मार्ग झाडतात. त्यासाठी ते लिफ्टनेच खाली येतात.