निकाल काहीही लागला तरी

२००९च्या हिवाळ्यात नवीन पनवेलमधल्या एका छोट्या सल्लागार कंपनीकडे लष्करी काम आलं. खांद्यावरून डागायची रॉकेटं खरेदी व्हायची होती. त्यांच्या चाचण्या किती घ्यायच्या, कोणत्या हवामानात घ्यायच्या आणि त्यांतून हाती काय लागणार, याचं गणित मांडायचं होतं. ते अरुंधती दातारच्या वाट्याला आलं.

कामोठ्याच्या घरीसुद्धा तिच्या डोक्यात तेच घोळत असायचं. आराखडा तयार झाला, पण बैठकीत तो उघडण्याआधी तिने विचारलं, "सर, सगळ्या चाचण्या फेल गेल्या, तर खरेदी थांबवाल?"

लष्कराकडून या खरेदीचं काम बघणारे मेजर चारुदत्त प्रधान सरळ माणूस. "नाही, मॅडम. ऑर्डर वरून फायनल झालीय. चाचण्या आता फॉर्मॅलिटी."

"म्हणजे निकाल काहीही लागला तरी तुम्ही तेच करणार. मग माझ्या हिशेबी या चाचण्यांची किंमत शून्य."

हे ऐकून ते चपापतील, वरिष्ठांशी बोलतील, असं तिला वाटलं होतं. मेजरनी शांतपणे पेनाला टोपण लावलं. "हे लेखी द्या. चाचण्या रद्द करून टाकू."

अरुंधतीला चाचण्या रद्द व्हायला नको होत्या. गणित चुकलं नव्हतं, त्यामुळे मागे घ्यायलाही काही नव्हतं. कंपनीचे मालक गुरुदत्त काम लवकर आटपलं म्हणून खुशीत चहा मागवत होते.

"सर, खरेदीचं सोडा," ती म्हणाली. "रॉकेट भिजलं तर जवानाने ते वापरायचं की बाजूला ठेवायचं, हे ठरलंय?"

मेजरनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं. "नाही. ते मलाच ठरवायचंय."

"मग तेवढ्या चाचण्या ठेवा. त्यांच्या निकालाने तुमचा निर्णय बदलू शकतो."

त्यांनी मान डोलावली. कोरड्या हवेतल्या चाचण्या रद्द झाल्या, भिजवलेल्या रॉकेटांच्या ठेवल्या.

मार्चमध्ये मेजरांचा फोन आला. भिजलेल्यांपैकी निम्मी पेटलीच नव्हती. खरेदी मात्र ठरल्याप्रमाणे झाली. फक्त भिजलेलं रॉकेट वापरू नये, अशी सूचना प्रत्येक पेटीवर छापली जाणार होती.

"झालं समाधान?" गुरुदत्तनी विचारलं.

"समाधान कसलं, सर," अरुंधती म्हणाली. "पण सूचना बरोबर आहे."