थोरली मशीन

मित्रांनो, सोलापुरात सात रस्त्याजवळ स्त्रियांचा एक दवाखाना आहे. त्याच्या आतल्या, खिडकी नसलेल्या खोलीत मी उभी असते. मी सोनोग्राफीची जुनी मशीन आहे. पोटाच्या आत काय चाललंय ते काळ्या-पांढऱ्या चित्रात पडद्यावर दाखवणं, हे माझं काम. समोरच्या हवेशीर खोलीत नवी मशीन आहे. तिच्या पडद्यावर रंग दिसतात, बाळाचा चेहराही दिसतो. इथल्या आयाबाई सुंदरम्मा आम्हांला थोरली आणि धाकटी म्हणतात, जणू आम्ही एका घरात नांदणाऱ्या जावाच. मला धाकटीचा हेवा वाटतो. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट कळेल.

मी कुठे घडले, ते माझ्या पाठीवरच्या पट्टीवर लिहिलं होतं. ती अक्षरं आता पुसली आहेत. मला आठवतो तो हमालांचा घाम आणि जिना. डॉक्टर उत्कर्षा तेव्हा नुकत्याच शिकून आल्या होत्या. सुंदरम्मांनी मला हळदकुंकू वाहिलं आणि उंबऱ्यावर नारळ आपटला. तो एका घावात फुटला, म्हणून सगळ्यांना आनंद झाला.

ते दिवस माझे होते. या दवाखान्यातल्या प्रत्येक बाळाचं काळीज पहिल्यांदा माझ्या पडद्यावर हललं. करमाळ्याची, अक्कलकोटची, उजनीकाठची माणसं यायची. हसत बाहेर पडायची, पेढे घेऊन परत यायची. एक पेढा सुंदरम्मा माझ्यासमोर ठेवत आणि मग स्वतःच खात.

मग धाकटी आली. तिच्यासाठीही नारळ फुटला. मला आतल्या खोलीत ढकललं आणि कामाची वाटणी झाली. ज्यांना मूल हवं आहे आणि होत नाही, त्या बायका माझ्याकडे. ज्यांच्या पोटात बाळ आहे, त्या धाकटीकडे. मित्रांनो, बाईच्या पोटात महिन्याला एक अंडं पिकतं. माझ्या पडद्यावर ते काळ्या गोलासारखं दिसतं. तो गोल वाढतो का, ते मी बघत राहायचं. आणि चांगली बातमी आली, की तीच बाई माझ्या दारावरून धाकटीकडे जायची. पेरणी माझ्या रानात आणि रास तिच्या खळ्यावर!

धम्मप्रिया माझ्याकडे यायची ती वळसंगहून. सासूबाई नागूबाई सोबत असायच्या. आत येताना त्या ठसक्यात "जय भीम, डॉक्टरबाई" म्हणत. धम्मप्रियाच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती. तिची धाकटी जाऊ चैताली मात्र घरात आली काय आणि तिला दिवस गेले काय. धम्मप्रिया वाईट बोलायची नाही. पण एकदा पडद्याकडे बघत ती पुटपुटली होती, "तिला मागायच्या आधी मिळालं." ते मला फार जवळचं वाटलं.

त्या महिन्यात तिचा गोल छान वाढत होता. तिलाही आता तो ओळखता यायचा. मी चित्र दाखवलं, की ती बोट करायची, "हा ना?" डॉक्टरांनी सांगितलं होतं, की अंडं बाहेर पडेल त्याच दिवशी उपचाराची खरी वेळ असेल, नवऱ्याला घेऊन या. म्हणून तिचा नवरा रत्नदीप रजा टाकून आला होता. चैतालीचीही तपासणी होती, तीही त्याच गाडीतून आली होती.

डॉक्टरांनी धम्मप्रियाला तपासलं. माझ्या पडद्यावर गोल नव्हता. डॉक्टर समाधानाने म्हणाल्या, "अंडं फुटलंय." तेवढ्यात समोरच्या खोलीतून त्यांना हाक आली. "आलेच," म्हणून त्या धाकटीकडे गेल्या. नेहमीसारख्याच, तिच्याकडे आधी.

धम्मप्रिया पडद्याकडे बघत राहिली. गोल नव्हता आणि अंडं फुटलं होतं. मला सगळं ठाऊक होतं, पण मला वाचा कुठली! ती उठली, पदर सावरून बाहेर, माझ्या दारासमोरच्या बाकावर जाऊन बसली.

"काय म्हणल्या गं?" नागूबाईंनी विचारलं.

"फुटलं म्हणाल्या, आत्या. या महिन्याचं गेलं. चला घरी."

रत्नदीप गाडी काढायला खाली गेला. नेमकी तेव्हाच चैताली धाकटीच्या खोलीतून रंगीत फोटो नाचवत आली. "आत्या, नाक बघा की! तुमच्यावरच गेलंय." धम्मप्रियाने फोटो हातात घेतला, पाहिला आणि "छान आहे" म्हणून परत दिला. तिच्या पोटात त्या क्षणी काय पेटलं, ते बघायला मशीन लागली नसती.

नागूबाईंनी एकदा त्या फोटोकडे पाहिलं, एकदा सुनेकडे. मग त्या उठल्या आणि जय भीम न घालताच आत घुसल्या. त्यांनी माझ्याकडे बोट रोखलं.

"डॉक्टरबाई, ह्या मशिनीनं आमचं अंडं फोडलं!"

डॉक्टर धावत आल्या. "काय झालं, मावशी?"

"धाकटीला रंगीत मशीन, अन् माज्या थोरलीला हे भंगार? लई जोर लावला आसंल की हिनं. न्हाईतर बरं चाललं हुतं, ते फुटलं कसं?"

"अय्यो, हळू वो आज्जी," सुंदरम्मा म्हणाल्या.

मला राग यायला हवा होता. पण खरं सांगू? त्या बाईने माझ्या मनातलंच भांडण माझ्यासमोर मांडलं होतं.

डॉक्टर स्टुलावर टेकल्या. "मावशी, फुटलं म्हणजे चांगलं झालं हो."

"फुटल्यावर चांगलं कसं? कोंबडीचं फुटलं तर आमी काय हसतोय व्हय?"

"कोंबडीचं नाही. ज्वारीला कोंब फुटतो ना? आईला पान्हा फुटतो, तो काय तुटतो? तसं हे. अंडं पिकलं आणि बाहेर पडलं. आजच तर आपली वेळ आहे. रत्नदीप कुठे आहे?"

धम्मप्रिया दारात उभी होती. "मग पडद्यावर का दिसलं नाही?"

"निघालं म्हणून. ते त्याच्या वाटेला लागलं."

चैतालीने फोटो पिशवीत कोंबला. "भाऊजी गाडी काढतायत, मी थांबवते," म्हणत ती पोट सांभाळत जिन्याकडे निघाली. "पळू नगंस गं!" नागूबाई ओरडल्या. चैतालीने वरच्या पायरीवरूनच अशी हाक मारली, की रत्नदीपच काय, रस्त्यावरचे रिक्षावालेही थांबले असतील.

उपचार त्याच दिवशी झाला. काही आठवड्यांनी धम्मप्रिया चांगली बातमी घेऊन पुन्हा आली. रिवाजाप्रमाणे सुंदरम्मांनी तिला समोरच्या खोलीकडे वळवलं. मी पाहत होते. हिलाही घेऊन जा, मी मनात धाकटीला म्हटलं, सगळंच घेऊन जा.

नागूबाई माझ्या दारात आडव्या उभ्या राहिल्या. "तिकडं न्हाय. हिनंच फोडलंय, आता हिनंच दाखवावं."

डॉक्टर हसल्या. त्यांनी माझं बटण दाबलं. राखाडी चित्रात दाण्याएवढा ठिपका आला आणि तो उघडझाप करू लागला.

"रंग न्हाय व्हय हिला?" नागूबाईंनी विचारलं.

"नाही, मावशी."

"आसू दे. लुकलुकतंय की!" त्यांनी पिशवीतून फडक्यात बांधलेली गावठी अंडी काढून सुंदरम्मांच्या हातात दिली. "मोजून घे. एकबी फुटलेलं न्हाय."

धम्मप्रिया उठून बसली. तिने माझ्या पिवळ्या पडलेल्या कडेवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

मित्रांनो, तेव्हापासून डॉक्टर 'फुटलं' हा शब्द एकटा सोडत नाहीत. 'फुटलं, म्हणजे चांगलं झालं,' असं पुरतं सांगतात आणि समोरचीला कळल्याशिवाय खोलीतून जात नाहीत. माझंही तुमच्याकडे तेवढंच मागणं आहे. वाट पाहणाऱ्या माणसाशी अर्धं बोलू नका. आणि दोन सुना, दोन बहिणी, दोन मैत्रिणी शेजारी उभ्या असतील, तर त्यांना एकाच तराजूत घालू नका. हेवा काय करतो, ते मला विचारा.

माझा हेवा गेलेला नाही. पुढच्या महिन्यापासून धम्मप्रिया धाकटीकडे जाईल. तिथे तिला बाळाचं नाक दिसेल, रंग दिसतील, हसण्याचे आवाज माझ्यापर्यंत येतील. दिसू देत, येऊ देत. बाळाचं पहिलं लुकलुकणं मात्र थोरलीकडे झालं आहे. ते काही धाकटीला मिळायचं नाही.