परदेशी यादीतली उत्पला

"आयाच्या कामासाठी आलात का? मग मागच्या दारानं या." शाळेच्या ऑफिसात पाऊल टाकल्याबरोबर शुभदाबाईंनी फर्मावलं.

झालं! नमस्कार नाही, चमत्कार नाही. कस्तुराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पिंपळे गुरवहून सकाळी उठून, पोरीला नवा गणवेश, नवे बूट घालून, दोन वेण्या आवळून आणायचं, आणि दारातच हे? नवरा भीमराज शेजारी टोपी हातात घेऊन उभा. कस्तुरानं मग पिशवीतनं पत्र काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"पोरीला सोडाया आलोय. पहिलीत. तुमचंच पत्र हाय, बघा."

शुभदाबाईंनी पत्र वाचलं, समोरच्या तिघांकडे पाहिलं, पुन्हा पत्र वाचलं. मग कपाटातनं फाइल काढून बसल्या चाळत.

ही चिंचवडच्या माळावरची इंटरनॅशनल शाळा निघून तीन वर्षं झाली होती. कारखान्यात जपानहून इंजिनिअर आले, त्यांच्या पोरांनी शिकायचं कुठं, म्हणून साहेबलोकांनी ती काढली, आणि मग स्वतःच्याच पोरांनी भरून टाकली. इथल्या पोरांना मुलाखत. पोरांना कसली, आईबापांनाच! आई इंग्रजी बोलते का, चमच्यानं खाते का, सगळं बघणार. परदेशी पोरांना मात्र यातलं काही नाही. फॉर्म आला की जागा पक्की. यंदा पहिलीत अशी जपानची पोरं तीन, हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक.

भीमराज त्याच कारखान्यात तयार माल तपासणारा चेकर, कामापुरतं इंग्रजी येणारा. यंदाच्या, म्हणजे एक्याऐंशीच्या मार्चात त्यानं फॉर्म भरला. धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहिलं, जातीच्या रकान्यात आडवी रेघ ओढली. पंधरा दिवसांत पत्र हजर, ना मुलाखत ना काही! कस्तुरानं गल्लीत साखर वाटली. आपण चौथीत शाळा सोडली, कारखान्याच्या दारावरची इंग्रजी पाटी अजून वाचता येत नाही. पोरीला मात्र कुणी इंग्रजीत फसवायचं नाही, एवढाच तिचा ध्यास होता.

"अच्छा!" फाइलीतून डोकं काढून शुभदाबाई एकदम हसल्या. "ते बौद्ध होय तुम्ही! मी आपली जपानी समजले."

आता कळलं. बाई शाळेच्या कमिटीच्या सेक्रेटरी. फॉर्मांचे गठ्ठे त्यांनी स्वतःच्या हातांनी केले होते. बौद्ध म्हणजे जपानी, तो गठ्ठा इकडं, बाकीचे तिकडं. नाव वाचायचे कष्ट कोण घेतो? पिंपरीत, देहूरोडला, त्यांचा नवरा जिथं साहेब त्याच कारखान्यात दर शिफ्टला बौद्ध माणसं शेकड्यांनी गेटातून आतबाहेर करतात, ती या बाईंना आजवर दिसलीच नव्हती. डोळे होते की काचा!

"चूक झाली," बाई म्हणाल्या. "जागा काही देता येणार नाही."

"मॅडम, पत्रावर सही आहे," भीमराज कसाबसा बोलला.

"सही चुकून झाली. आणि तुम्ही आमच्या यांच्याच डिपार्टमेंटला ना हो, भीमराज? मग साहेबांच्या कानावर घालण्यासारखं काही करू नका."

भीमराजनं मान खाली घातली. कस्तुराला नवऱ्याचा राग आला आणि दयाही आली. कारखान्यात पोलादाच्या केसाएवढ्या चुकीवर बोट ठेवणारा हा माणूस, या बाईपुढं पार गळाला होता.

बाईंना मग दया आली म्हणे. त्यांनी खणातून एक मराठी फॉर्म काढला. गरीब, होतकरू मुलांसाठी कमिटी एक जागा ठेवते, सरकारात दाखवायला बरी पडते. "हा घ्या. पण इथं जात स्पष्ट लिहायची. धर्म हिंदू, जात जी काय असेल ती. बौद्धबिद्ध चालणार नाही, कमिटीला कळलं पाहिजे आपण कुणाला घेतलं."

"न्हाई लिहायचं," कस्तुरा म्हणाली.

"कस्तुरा, पोरीचं बघ," भीमराज कुजबुजला. "एक शब्द तर लिहायचाय."

"एकच शब्द? माझ्या बापानं ज्याच्यापायी गाव सोडलं, घरातले देव नदीत सोडले, त्यो एकच शब्द?"

पण भीमराजनं पेन उचललं होतं. लिहिलं त्यानं. अक्षर नेहमीसारखं सुरेख. शुभदाबाई खूश. "बघा, काही अवघड होतं का?"

उत्पला एवढा वेळ टेबलाला नाक लावून उभी होती. सहा वर्षांची पोर, नुकतंच वाचायला शिकलेली. दिसेल ते वाचायची. शाळेत आपल्याला वाचता येतं हे दाखवायला नको का? तिनं बोट ठेवून मोठ्यानं वाचलं, "म... हा... र. महार!" आणि आनंदानं आईकडे वळली. "आई, म्हणजे काय गं?"

हा शब्द कस्तुराच्या घरात कुणी कधी उच्चारला नव्हता, आणि पोरीला तो पहिल्यांदा वाचायला मिळाला तो बापाच्या हातचा. शुभदाबाई ओठ दाबून वाट बघत होत्या, आता ही बाई पोरीला काय सांगते म्हणून. भीमराजनं तोंड भिंतीकडं केलं.

"तुझ्या बापानं खोटं लिहिलंय, बाळ," कस्तुरा म्हणाली. तिनं फॉर्म ओढून घेतला, फाडला, तुकडे टेबलावर टाकले आणि कोरा कागद बाईंपुढं सरकवला. "आता तुमी लिहा, बाई, इंग्रजीत. पोरगी बौद्ध हाय म्हणून हिला काढली, असं लिहा. खाली सही करा. आत वर्गात तीन बौद्ध पोरं बसलीत ना जपानची? त्यांच्या आईबापांना मी न्हेऊन दाखवते. त्यांना इंग्रजी येतंय, वाचतील की."

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. पेन त्यांच्या हातातच होतं, पण चालेना. जपानी साहेबांच्या दारात हा कागद गेला तर शाळेचं काय आणि नवऱ्याचं काय, हे त्यांना न सांगता कळलं.

"लिहा की. वाट बघते मी." कस्तुरानं खुर्ची ओढली आणि बसली. कुणी बस म्हटलं नव्हतं.

घंटा झाली. बाईंनी लिहिलं नाही. दात आवळून त्या उठल्या, उत्पलाचा दंड धरला आणि व्हरांड्यातून तिला पहिलीच्या वर्गापाशी घेऊन गेल्या. कस्तुरा आणि भीमराज मागोमाग.

वर्गाच्या दारात शिक्षिका मृदुलाबाई उभ्या होत्या. शुभदाबाई त्यांना इंग्रजीत काहीतरी म्हणाल्या, बोट उत्पलाकडं होतं. मृदुलाबाई हसल्या. पुढच्या बाकावरची साहेबांची चार पोरंही खिदळली आणि एका मुलीनं आपलं दप्तर जवळ ओढून घेतलं. सगळे हसतायत म्हणून उत्पलाही हसली.

"काय म्हणाली ती?" कस्तुरानं विचारलं.

भीमराजच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "काही नाही."

"तुमाला कळलं ना? सांगा की!"

"काही नाही म्हटलं ना. चल."

कस्तुरा हलली नाही. पोर आत जाऊन मागच्या बाकावर एकटी बसली होती, तरी खुशीत हात हलवत होती. आज तिला एक अक्षर कळलं नव्हतं. पण पोरगी हुशार, वर्षभरात फडाफडा इंग्रजी बोलेल, आणि मग या वर्गात जे काही बोललं जाईल ते सगळंच्या सगळं तिला समजेल. कस्तुराला रडू फुटलं. त्याचसाठी तर तिनं पोरीला इथं घातलं होतं.