चाळीसच्या खाली

संबोधी कामावरून घरी आली की तिचे बाबा आधी तिची पिशवी मागायचे. पाणी नंतर, चहा नंतर, आधी पिशवी. परदेशीपुऱ्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात दाराशीच एक स्टूल होतं. चांगदेव त्यावर बसून पिशवीतली एकेक वस्तू बाहेर काढत. डबा, रुमाल, इन्सुलिनची सुई, रक्तातली साखर मोजायचं छोटं मशीन. त्या दिवशी तळाशी टॉफीचा कागद निघाला.

"हे काय?"

"टॉफीचा कागद."

"ते मलाही दिसून राहिलं. खाल्ली कुणी?"

"मी. चार वाजता हात थरथर कापायला लागले. बोट टोचून बघितलं तर पंचावन्न. नसती खाल्ली तर तिथंच पडली असती."

"आणि सकाळी तीनशे दहा होती, ती कशी?" त्यांनी कागद तिच्या नाकासमोर धरला. "सकाळी तीनशे दहा, दुपारी पंचावन्न. मला काय पागल समजते?"

"मशीनमध्ये आकडा आहे, बाबा. दाखवते."

"तुझं मशीन, तुझे आकडे. आम्हाला काय कळतं!"

संबोधी बावीस वर्षांची होती. अकराव्या वर्षापासून रोज दोन वेळा स्वतःच्या पोटात सुई टोचत आली होती. पोलोग्राउंडमधल्या एका कारखान्यात बाटल्यांची झाकणं तपासायचं काम करायची, आणि हे घर गेली दोन वर्षं बरंचसं तिच्या पगारावर चाललं होतं. तरी दारात उभं राहून झडती तिलाच द्यावी लागायची.

चांगदेवांनी एकतीस वर्षं कापडाच्या मिलमध्ये साचे, म्हणजे माग, चालवले. सुटी झाली की गेटावर वॉचमन खिसे चाचपायचा, डबा उघडून बघायचा. एकतीस वर्षांत त्यांच्याकडे सुताची गुंडीसुद्धा सापडली नव्हती, आणि याचा त्यांना अभिमान होता. मग मिल बंद झाली. एका कागदावर सही घेतली आणि घरी पाठवलं. साचे भंगारात गेले. बावन्नाव्या वर्षी कुणी काम देईना. पहिले सहा महिने ते पोलोग्राउंडच्या गेटागेटावर फिरले, नंतर घरात बसले. आणि घरात बसल्या बसल्या त्यांनी मुलीचा आजार हातात घेतला.

त्याला निमित्त झालं महूचं. चौदा एप्रिलला सगळे महूला आत्याकडे गेले होते. भर उन्हात मिरवणुकीमागे चालून संबोधीच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, अंग घामानं निथळायला लागलं. ती मागच्या दारानं आत्याच्या स्वयंपाकघरात शिरली आणि समोरच्या परातीतले दोन लाडू उभ्या उभ्या तोंडात कोंबले. तेवढ्यात आत्या आली. "अगं बाई! म्हणून पोरीची शुगर उतरत नाही. चोरून खाऊन राहिली!" अंगणातल्या पंचवीस माणसांनी ते ऐकलं. चांगदेवांनीही ऐकलं. संबोधी सांगत राहिली, पण तोंडात लाडू असताना सांगितलेलं कोण खरं मानणार?

त्या आठवड्यात चांगदेवांनी स्वयंपाकघरातल्या कपाटाला कुलूप लावलं. साखर, गूळ, बिस्किटं, सगळं आत. रात्री जेवणं झाली की कुलूप लागायचं आणि किल्ली त्यांच्या उशीखाली जायची. आई, कांताबाई, एकदा दबकत म्हणाली, "पोरीला रात्री काही लागलं तर?" त्यावर ते म्हणाले, "काही लागत नाही. डॉक्टरच बोलले, ही खाते म्हणून."

ते खरं होतं. डॉक्टर यशवर्धन मोहित्यांनी तसं सांगितलं होतं.

मोहित्यांचा दवाखाना नवा होता, काचेच्या दाराचा, आत थंडगार. दर महिन्याला संबोधी सकाळच्या आकड्यांची वही घेऊन जायची. तीनशे दहा. दोनशे नव्वद. तीनशे चाळीस. डॉक्टर वहीवरून बोट फिरवत आणि संध्याकाळचा डोस दोन युनिट वाढवत. चौदाचे सोळा झाले, सोळाचे अठरा, अठराचे वीस, विसाचे बावीस.

"सर, डोस वाढला की सकाळची शुगर आणखी वाढते," ती एकदा म्हणाली होती. "आणि पहाटे उठली की कपडे घामानं ओले असतात. डोकं असं ठणकतं की उजेड सहन होत नाही."

"इन्सुलिन वाढवल्यावर शुगर वाढते?" डॉक्टर हसले होते. "बेटा, हे विज्ञान आहे. रात्री काय खातेस ते सांग." मग तिच्याकडे न बघता चांगदेवांना म्हणाले, "लक्ष ठेवा जरा. या वयात मुलं ऐकत नाहीत."

टॉफीच्या कागदानंतरच्या सोमवारी चांगदेव तो कागद खिशात घेऊन तिच्यासोबत दवाखान्यात आले आणि तो त्यांनी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला.

डॉक्टरांनी कागद बाजूला सारला. "आता वादच नको. परदेशातून एक नवीन मशीन आलंय. तीन दिवस अंगावर राहतं, दर पाच मिनिटांनी शुगर मोजतं. कंपनी पाच पेशंटना ट्रायलसाठी फुकट देतेय. हिलाच लावू. मग कळेल खरं कोण आणि खोटं कोण."

"परदेशातून मशीनं येतात," चांगदेव पुटपुटले. "इथली चालती मशीनं भंगारात विकून टाकली."

संबोधी खुर्चीवरून उठली. "लावा," ती म्हणाली. "आत्ता लावा."

कंपनीकडून शिखा नावाची मुलगी आली होती. तिने संबोधीच्या पोटावर स्पिरिट चोळलं आणि एक जाड सुई आत घातली. सुई परत बाहेर आली, पण तिच्यासोबत गेलेली केसासारखी तार आतच राहिली. त्या तारेची वायर कमरेला अडकवायच्या एका डबीला जोडलेली होती.

"आकडा कुठं दिसतो?" संबोधीने विचारलं.

"दिसत नाही, दीदी. आत रेकॉर्ड होत राहतो. तीन दिवसांनी कॉम्प्युटरला जोडला की ग्राफ निघेल. तुम्ही फक्त दिवसातून चार वेळा बोट टोचून तो आकडा यात टाकायचा. आणि काय खाल्लं, कधी खाल्लं, ते कागदावर लिहायचं."

"कागदावर कोण लिहिणार? ही?" चांगदेव म्हणाले. "मी लिहीन."

तीन दिवस त्यांनी लिहिलं. पोळ्या दोन, वरण एक वाटी, पोहे एक बशी. तिने शेवेची चिमूट घेतली तर तीही लिहिली. संबोधी समोर बसून घास गिळायची. कारखान्यात वायर टेबलाच्या कडेला अडकायची, पोटात तार टचकन टोचायची. सुपरवायझर मारुती वाघ डबीकडे बघून शेजारच्याला म्हणाला, "अरे भिया, बॉम्ब-बिम्ब नाही ना?" सगळे हसले. ती हसली नाही. रात्री कुलूप लागल्याचा आवाज झाला की ती भिंतीकडे तोंड करून पडायची. सकाळी उठायची ती ओल्या कपड्यांत, डोकं फुटत असताना. पहिल्या सकाळी तीनशे पाच. दुसऱ्या, तीनशे अठ्ठावीस. तिसऱ्या, तीनशे बारा.

गुरुवारी दुपारी डॉक्टरांनी ग्राफ काढला. प्रिंटरमधून कागद हळूहळू बाहेर आला. डॉक्टरांनी तो उचलला, चष्मा चढवला आणि पुन्हा पहिल्यापासून बघितला. मग शिखाला बोलावलं. "मशीन बरोबर चाललं होतं ना?"

"हो सर. बोटाच्या आकड्यांशी जुळतंय सगळं."

"काय निघालं?" चांगदेव खुर्चीच्या कडेवर सरकले. "काय खाल्लं हिनं?"

डॉक्टरांनी कागद टेबलावर ठेवला. तीन रात्रींच्या तीन रेघा होत्या. तिन्ही रात्री दहाच्या सुमाराला उतरायला लागत, एक वाजेपर्यंत तळाला जात आणि तिथं दोन तास सपाट, पट्टीनं आखल्यासारख्या पडून राहत. पहाटे त्या उठत आणि कड्यासारख्या सरळ वर चढत.

"इथं रेघ सरळ का आहे?" संबोधीने तळावर बोट ठेवलं.

"चाळीस आहे तिथं," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज उतरला होता. "त्याच्या खाली हे मशीन मोजू शकत नाही."

"म्हणजे चाळीसच्याही खाली असेल."

"असू शकते."

"तीस?"

"सांगता येत नाही."

"आणि मग सकाळी तीनशे कशी?"

"शरीर घाबरतं. लिव्हर आपली साठवलेली साखर सोडतं. त्यामुळं मग शुगर उलटी वर जाते." डॉक्टरांनी घसा साफ केला. "संध्याकाळचा डोस जास्त होता. चला, बरं झालं, वेळेवर कळलं. बावीसचे बारा करू. रात्री उशाशी साखर ठेवायची. ठेवत होतीस ना?"

चांगदेव खाली बघत होते.

"कुलूप होतं," संबोधी म्हणाली.

"काय?"

"साखरेला कुलूप होतं, सर. तुम्ही सांगितलं लक्ष ठेवा, यांनी कुलूप लावलं. मी तिकडं तीस शुगरवर पडलेली, आणि साखर कपाटात, आणि किल्ली यांच्या उशीखाली." तिचा आवाज चढत गेला. बाहेर बसलेले पेशंट काचेतून आत बघायला लागले. "सहा महिने मी बोलून राहिली, घाम येतो, डोकं दुखतं, डोस वाढवला की शुगर वाढते. सहा महिने! तुम्ही काय बोलले? हे विज्ञान आहे!"

"आवाज खाली. असं होतं कधी कधी. आता उपाय सापडला ना? झालं तर."

डॉक्टरांनी नवा डोस लिहायला तिची फाईल उघडली. संबोधी टेबलावर वाकली होती. तिला पहिल्या पानावर, तिच्या नावाखाली, लाल शाईतली ओळ दिसली. तिने ती इंग्रजीतून सावकाश, मोठ्यानं वाचली आणि मग मराठीत सांगितली, बाबांना कळावी म्हणून. "पेशंट भरवशाची नाही. चोरून खाते."

"ते आमच्या आठवणीसाठी असतं."

"खोडा."

"संबोधी, फाईल हा मेडिकल रेकॉर्ड आहे. असं खोडता..."

"मग खोडू नका. त्याच्या खाली लिहा. लिहा की ही खोटं बोलत नव्हती, डोस चुकला होता. तारीख टाका, सही करा. नाही तर मी हा ग्राफ बाहेर जाऊन एकेका पेशंटला दाखवते."

तिने टेबलावरचा कागद उचललाच होता. डॉक्टरांनी दाराकडे बघितलं, शिखाकडे बघितलं. शिखा वायर गुंडाळत मान खाली घालून उभी होती. शेवटी त्यांनी पेन उचललं आणि दोन ओळी लिहिल्या. संबोधीने त्या वाचल्या. "डोस चुकला होता, हे नाही लिहिलं," ती म्हणाली. त्यांनी तेही लिहिलं आणि तारीख घालून सही केली. माफी त्यांनी मागितली नाही. ग्राफचा कागद मात्र ती घेऊन निघाली, आणि कुणी अडवलं नाही.

बाहेर टेंपोची वाट बघत दोघं उभे राहिले. ऊन तापलेलं होतं. दोन टेंपो रिकामे गेले तरी चांगदेवांनी हात केला नाही.

"बेटा," ते म्हणाले, "मी तर तुला मारूनच टाकलं असतं."

"हो."

त्यांना बहुधा दुसरं काही ऐकायचं होतं. 'तुम्हाला काय माहीत होतं, बाबा,' असं काहीतरी. ते तिच्या ओठांवर आलंही नाही.

"एकतीस वर्षं तुमची झडती घेतली," ती म्हणाली. "एकदा तरी काही सापडलं? नाही ना. तरी रोज घेत होते. तेव्हा कसं वाटायचं?"

तिसरा टेंपो तिनेच थांबवला.

घरी पोचल्यावर त्यांनी कपाटाचं कुलूप काढलं, नुसतं काढलं नाही तर कडीच पकडीनं उपटली. लाकडाची ढलपी निघाली. सगळं कळल्यावर कांताबाईंनी मुलीची उशी उचलून साखरेचा डबाच्या डबा तिच्या उशाशी नेऊन ठेवला आणि पदर तोंडाला लावून तिथंच बसल्या.

डॉक्टरांनी दहा दिवस पहाटे तीनला बोट टोचून बघायला सांगितलं होतं. दिवसभर उभ्यानं काम करून संबोधीला गजर ऐकू येत नसे.

"मी उठवीन. मी बघीन," चांगदेव म्हणाले.

"तुम्ही नाही. आई बघेल."

पण कांताबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. पहिल्याच रात्री त्यांनी त्र्याण्णवचे एकोणचाळीस वाचले आणि अख्खं घर उठवून बसवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संबोधी मशीन घेऊन बाबांच्या समोर बसली.

"शिकून घ्या. नजर ठेवायची ना माझ्यावर? मग नीट ठेवा. पट्टी अशी घालायची. बोट मधोमध टोचायचं नाही, कडेला. आधी स्वतःचं टोचा."

साच्यावर तुटलेला धागा डोळे मिटून सांधणाऱ्या त्यांच्या हातांना ही बारीक सुई जमेना. पहिल्यांदा रक्तच आलं नाही. दुसऱ्यांदा पट्टी वाया गेली.

"सोळा रुपयाची आहे एक," ती म्हणाली. "पुन्हा करा."

तिसऱ्यांदा जमलं.

"आणि माझ्या पिशवीला हात लावायचा नाही. उद्यापासून नाही, आजपासून."

"नाही लावणार."

"आणि आत्याला तुम्ही स्वतः सांगायचं. मी नाही सांगणार."

त्यांनी मान हलवली.

सकाळी ती उठली तेव्हा कपडे कोरडे होते. डोकं दुखत नव्हतं. चांगदेव वही घेऊन तिच्या खाटेशी ताटकळत उभे होते, रात्रभर झोपले नसावेत.

"तीन वाजता एकशे चार होती," ते म्हणाले. "आत्ताचं तू बघ."

तिने बोट टोचलं. एकशे सव्वीस. सहा महिन्यांत सकाळचा असा आकडा तिने पाहिला नव्हता. बाबा तिच्या चेहऱ्याकडे आशेनं बघत होते. या आकड्यानं सगळं मिटेल, असं त्यांना वाटलं असावं. ते बघून तिचा राग पुन्हा उसळला. हा आकडा सहा महिन्यांपूर्वी येऊ शकला असता. फक्त तिचं ऐकायचं होतं.

"एकशे सव्वीस. लिहा," ती म्हणाली आणि टॉवेल घेऊन नळावर गेली.