पोलेमोनची तक्रार

सोडतीच्या मडक्यातून नावावर पांढरा पावटा निघाला आणि फिलाग्रोस वर्षभरासाठी बाजाराचा अधिकारी झाला. आज त्याचा पदावर बसायचा दिवस. शाळेला सुट्टी, दुकानं बंद, अख्खं गाव स्वच्छ कपडे घालून चौकात लोटलेलं. नगराच्या पवित्र चुलीपुढं बळीचा मेंढा बांधलेला, आणि फिलाग्रोसच्या डोक्यावर हिरव्या पानांचा मुकुट.

पण त्याचं सगळं लक्ष समोरच्या पायरीवर. तिथं त्याचा म्हातारा बाप बसला होता, पोलेमोन. ऑलिव्ह उतरवायच्या हंगामात लेकानं त्याची शिडी लपवली, तेव्हापासून म्हाताऱ्यानं अबोला धरलेला. जेवायलासुद्धा शेजाऱ्याकडे जायचा. फिलाग्रोसची बायको मिर्टाले रोज म्हणायची, अहो, समजूत काढा त्यांची. पण या घराण्यात हट्ट काय कमी आहे?

मेंढा कापण्याआधी दवंडीवाला रिवाजाचा सवाल टाकतो. हा माणूस आईबापाला नीट वागवतो का, कुणाची तक्रार आहे का? तक्रार खरी निघाली की मुकुट उतरवायचा आणि पुन्हा पावटे काढायचे. सहसा कुणी तोंड उघडत नाही, सगळ्यांना मटणाची घाई असते.

"माझी आहे," काठी टेकत पोलेमोन उठला.

मग त्यानं काठी लेकाकडे रोखली.

"हा मला झाडावर चढू देत नाही. झाडं माझी, शिडी माझी. बापाला असं वागवतात होय?"

दवंडीवाल्यानं वय विचारलं. म्हातारा बेधडक साठ म्हणाला. लेकच पन्नाशी ओलांडलेला, त्यामुळे चौक पोट धरून हसला. तरी रिवाज तो रिवाज, फिलाग्रोसला उत्तर देणं भाग होतं. नाही म्हणाला असता तर सुटला असता. शिडी लपवताना बघितलं होतं कुणी?

"खरं आहे. शिडी मीच लपवली," तो म्हणाला, "आणि परत देणारही नाही. बाबा, मागच्या खेपेला तुम्ही झाडावरून पडलात तेव्हा पाठीवर घेऊन घरी आणलं तुम्हाला. जीव अर्धा झाला होता माझा. मुकुट काढायचाय तर खुशाल काढा."

हसणं थांबलं. दवंडीवाला मुकुट उतरवायला निघाला, पण पोलेमोन त्याच्या आधी पोचला. त्यानं लेकाचा कललेला मुकुट सरळ केला आणि तक्रार मागे घेतली म्हणून सगळ्यांना सांगितलं.

मग कित्येक महिन्यांनी पहिल्यांदाच लेकाकडे बघून बोलला, "घरी येताना मटणाच्या वाट्यातला मऊ तुकडा घेऊन ये. मला चाववत नाही आता."