जिथे पहिला थांबतो

अथेन्सच्या उत्सवात कथा गाण्याच्या स्पर्धेत नियम एकच, पण भलता कडक: पहिला जिथे थांबेल, तिथूनच दुसऱ्याने कथा उचलायची. मागे जायचं नाही, पुढे उडी मारायची नाही.

लिकोनची पाळी दुसरी आली होती. पहिला त्याचाच शिष्य, केफालोन. लिकोनने सकाळीच त्याला गाठलं. "म्हातारा राजा गाडी जुंपतो ना, तिथे थांब बाबा. पुढचं मला हवंय."

पुढचं म्हणजे राजा शत्रूच्या तंबूत जाऊन आपल्या पोराचं प्रेत मागतो, ते. लिकोनचा मुलगा समुद्रापलीकडच्या लढाईत पडला होता. प्रेत घरी आलंच नाही. ना चिता, ना माती. चार वर्षं झाली, लिकोनची बायको मिर्तो ना रडली, ना पोराचं नाव तोंडावर आणलं. तिच्यासमोर हा भाग एकदा गायचा, पोराला निरोप द्यायचा, एवढ्यासाठी लिकोन तिला हट्टाने घेऊन आला होता.

"शब्द दिला, गुरुजी," केफालोन म्हणाला.

कसला शब्द नि कसलं काय! गाडी जुंपून झाली तरी गडी थांबायला तयार नाही. राजा तंबूत शिरला, पोराच्या मारेकऱ्यापुढे त्याने गुडघे टेकले. आवाज कुठे दाबायचा, श्वास कुठे रोखायचा, सगळं लिकोनने शिकवलेलं. मेल्याने एक जागा चुकवली नाही. माणसं हुंदके देऊ लागली. राजा प्रेत घेऊन घरी पोचला, तेव्हा कुठे केफालोनने गाणाऱ्याची काठी गुरूच्या हातात दिली.

"लोक रडत होते, गुरुजी. थांबणार कसा?"

"कायमचा आवाज बसो तुझा!" लिकोन पुटपुटला.

आणि गायला उरलं काय? चितेची लाकडं. ती तोडायची, वाहायची, रचायची. लिकोन गायला. लोक डोळे पुसत उठले. पलीकडे बळीचं मांस वाटायला लागले होते. शेवटी समोर पंच उरले आणि मिर्तो.

तो तिच्याजवळ गेला. तिचे डोळे सुजले होते.

"रडलीस?"

"पोटभर रडले हो. आज पोराला निरोप दिला मी." तिने नाक पुसलं. "तुमचं काही कानावर पडलंच नाही बघा, रडतच होते. त्या केफालोनचं देव भलं करो. उद्या जेवायला बोलवा त्याला. पुन्हा एकदा ऐकीन म्हणते, त्याच्याच तोंडून."

लिकोनच्या डोळ्यांत टिपूस नव्हता.

"बोलावतो," तो म्हणाला.