बरण्यांशेजारच्या डांबरगोळ्या

माझ्या अळ्या मेल्या, आणि त्या आमच्या साहेबांनी मारल्या. मुद्दाम नाही. मुद्दाम मारल्या असत्या तर निदान कडाकडा भांडता तरी आलं असतं.

बेटावरचं ते लहानसं काळं फुलपाखरू म्हणजे किनाऱ्यावरचंच, वाऱ्याने जरा खुरटलेलं, असं साहेबांचं मत. आमच्या संग्रहालयात त्यांचं मत म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. किनाऱ्यावरच्याची अळी लिंबाची पानं खाते. बेटावरची एका काटेरी वेलीवाचून कशाला तोंड लावत नाही. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत सगळं वाढवून दाखवलं की जात वेगळी ठरणार होती, आणि ती वेल जिथे उगवते तो उतार विश्रामगृहासाठी सपाट होण्यापासून वाचणार होता. म्हणून मी वेलीसकट अळ्या आणून संग्रहालयातल्या माझ्या खोलीत बरण्यांमध्ये ठेवल्या.

सुट्टीनंतर दार उघडलं तर डांबरगोळ्यांचा वास भसकन नाकात शिरला. प्रत्येक बरणीशेजारी मूठभर गोळ्या. अळ्या तळाशी आडव्या.

"कसर लागेल म्हणून मीच ठेवल्या," साहेब म्हणाले. "नमुने असे उघड्यावर ठेवतं का कुणी?"

"जिवंत होत्या त्या, साहेब!"

"असं होय?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जन्मभर टाचणी लावलेलीच फुलपाखरं पाहिलेला माणूस!

एकच वाचली होती. बाकीच्या संग्रहालयात नेल्या तेव्हा तिने कोष करायला घेतला होता; हलवायला नको म्हणून ती घरीच, ओट्यावर राहिली होती. "भाजीत अळी दिसली की किंचाळतेस, आणि हिचे लाड मी करू?" असं कुरकुरत आईच वेलीवर पाणी शिंपडत होती.

फुलपाखराने पंख उघडले त्या सकाळी मी ते वेलीसकट डब्यात घालून साहेबांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी भिंग लावून फुलपाखरू पाहिलं, रिकामा कोष पाहिला, वेल पाहिली.

"जात वेगळी आहे," ते म्हणाले. "चुकलंच माझं." आणि खणातून फुलपाखरं मारायची विषाची बरणी काढली. "हे संग्रहात ठेवलं नाही, तर बाहेरचं कोण विश्वास ठेवणार?"

हे मलाही ठाऊक होतं, म्हणून तर जास्तच चीड आली. "द्या इकडे," म्हणत मी बरणी हिसकावली, फुलपाखरू आत सोडलं आणि झाकण स्वतः लावलं.

उतार पुढे वाचला. त्या संध्याकाळी घरी पोचले, तर आई दारातच. "सोडून आलीस ना गं त्याला?"

बिचारीवर मी अशी काही खेकसले, की ती पाणी द्यायलाही पुढे आली नाही.